मागच्या चाकाचा हब : फेब्रुवारी ते ऑक्टोबर २०२५

११ फेब्रुवारी

आज सकाळी गोलवाडीच्या उड्डाणपुलावरून वाळूजकडं उतरताना सायकलीचं मागचं चक्र, म्हणजे चेन ज्यावर फिरते ती दातांची चकती, हबवरून (चाकाच्या मधल्या तुंब्यावरून) सुटलं. पहिली शिफ्ट, सव्वासहाचा सुमार, रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग. समोरच्या टेम्पोनं वेग कमी केला म्हणून मी पायडलवर उलटा दाब दिला. एरवी तो दाब चाकापर्यंत पोचतो आणि सायकल हळू होते. आज पाय जागच्या जागी थांबले आणि चाक पुढं पळत राहिलं. पुढचा ब्रेक होता म्हणून थांबलो. टेम्पोच्या फाळक्यात आणि माझ्यात हातभर अंतर उरलं होतं.

माझी सायकल फिक्स्ड आहे. पायडल थांबलं तरी चाक फिरू देणारं फ्रीव्हील नाही, मागचं चक्र हबला पक्कं. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच. छत्रपती संभाजीनगरातल्या उस्मानपुऱ्यातून कंपनीपर्यंत अकरा-बारा किलोमीटर, एक पूल सोडला तर सपाट. गिअर नाहीत, वायर नाहीत, फ्रीव्हीलमधले कुत्रे (आतले खटके) चिखलानं चिकटायची भानगड नाही. अशा सायकलीत बिघडण्यासारखं फार थोडं असतं, म्हणूनच मी तिच्यावर विसंबलो. पण जे थोडं असतं ते बिघडलं तर मागचा ब्रेकच जातो.

चाक नीट होईपर्यंत कंपनीच्या बसनं जायचं. नोंदी आजपासून.

१३ फेब्रुवारी

चाक खोलून पाहिलं. चूक माझीच, दीड वर्षापूर्वीची. हब साधा, आट्यांवर फ्रीव्हील बसवायचा. त्यावर मी फिक्स्ड चक्र चढवलं आणि ते सुटू नये म्हणून बाहेरून बॉटम ब्रॅकेटची (पायडलचा आस जिथं बसतो तिथली) रिंग आवळली. दोन्हींचे आटे एकाच मापाचे असतात, १.३७ इंच व्यास, इंचाला २४ आटे. त्यामुळं रिंग छान बसते. बसते म्हणून चालेल असं वाटतं.

दोन्ही आटे उजवे आहेत, आणि तिथंच सगळं चुकतं. पुढं पायडल मारलं की चक्र आवळतं, उलटा दाब दिला की सुटायला बघतं. चक्र सुटायला लागलं की बाहेरच्या रिंगलाही ते त्याच दिशेनं ढकलतं, आणि उजव्या आट्याची रिंग त्या दिशेनं ढिलीच होते. राखण करायला ठेवलेली रिंग चक्राबरोबरच निघून जाते. आटे चिकटून राहावेत म्हणून लॉकटाईट लावलं होतं, त्याचा वाळलेला निळा भुगा तेवढा सापडला.

खऱ्या ट्रॅक हबला, म्हणजे फिक्स्ड चक्रासाठीच केलेल्या हबला, दोन पायऱ्या असतात. आतली मोठी, १.३७ इंचाची, उजव्या आट्याची, तिच्यावर चक्र. बाहेरची थोडी लहान, डाव्या आट्याची, तिच्यावर लॉकरिंग. चक्र सुटायला गेलं की त्याच ओढीनं डाव्या आट्याची रिंग उलट आणखी आवळते. टूलरूममध्ये ग्राइंडरच्या डाव्या बाजूच्या नटाला डावे आटे का असतात हे मी शिकाऊ पोरांना दरवर्षी समजावतो. स्वतःच्या सायकलीवर तेच करायचं राहून गेलं.

१६ फेब्रुवारी

किती जोर येतो ते कागदावर काढलं. पायडलचा दांडा १७० मिमी. उतारावर मागच्या पायावर ४० किलोचा भार दिला तर दांड्यावर सुमारे ६७ न्यूटन-मीटर. पुढं ४४ दाती, मागं १७ दाती धरलं तर हबवर त्यातले जवळपास २६ पोचतात. घाबरून सगळं अंग टाकलं तर दुप्पट. पूल चढताना पुढच्या दिशेनंही तेवढाच. म्हणजे रोज शेकडो वेळा आवळ-सोड, आवळ-सोड. साध्या सायकलीच्या हबला सोडण्याची ही ओढ कधी सोसावीच लागत नाही, त्याला फक्त पुढं जायचं माहीत.

हब निवडताना पहिली परीक्षा बेअरिंगची नाही, आट्यांची. बेअरिंग खराब झाली तर खरखर होते, महिनाभर आधी सांगून जाते. आटे गेले तर ते उतारावरच कळतं.

२३ फेब्रुवारी

शहागंजात चाचांकडं गेलो. आमच्या घरच्या सगळ्या सायकली त्यांच्याच हातच्या. सुटलेलं चक्र त्यांनी बोटावर फिरवून पाहिलं आणि म्हणाले, “इसको पितळ से झाल देता हूँ. जिंदगी में नहीं निकलेगा.” झाळायचं म्हणजे ब्रेझिंग. पुष्कळांनी तसं केलेलं आहे आणि त्यांचं चाललंही आहे. मला ते दोन कारणांनी नको. चक्राचे दात झिजले की हबसकट सगळं टाकावं लागेल. आणि तापवल्यानं शेजारच्या कपचं, म्हणजे छर्रे ज्यात फिरतात त्या वाटीचं, पाणी उतरतं. कप मऊ पडला की छर्रे त्याला खाऊन टाकतात.

चाचांना हे पटलं. पुढचं पटलं नाही. मी बंद बेअरिंगचा (छर्रे आतच बंद असलेल्या तयार बेअरिंगचा) हब घ्यायचं म्हणतोय हे ऐकून त्यांनी ड्रॉवर ओढला. मागच्या चाकाचे पाव इंची छर्रे, एका बाजूला नऊ. पुढच्याचे तीन सुताच्या निम्म्याचे, एका बाजूला दहा. कोन (छर्ऱ्यांना कपात दाबून धरणारे निमुळते नट), चेकनट, सगळं वेगवेगळ्या डब्यांत. “बेटा, छर्रेवाला हब मरता नहीं. दो-चार रुपये के छर्रे डालो, जी उठता. तेरी वो डिब्बाबंद बेअरिंग रस्ते में गई तो किधर जाता?”

घरी येईपर्यंत हाच प्रश्न डोक्यात होता. सायकलीचा कुठलाही भाग कितीही चांगला असला तरी गेल्यावर कुठं जायचं, याचं उत्तर आधी हवं.

२ मार्च

गावी, पैठण तालुक्यात. आप्पांची चोवीस इंची काळी सायकल ओसरीत उभी होती. मागं ४० तारा, पुढं ३२, इंग्रजांच्या काळापासून चालत आलेला हिशेब. मागच्या हबच्या मधोमध तेल सोडायचं भोक आणि त्यावर सरकणारी पत्र्याची पट्टी. आप्पा दर पोळ्याला आणि दसऱ्याला तिथून तेल सोडतात. मी चाक काढून कोन उघडले. ग्रीस काळंभोर, पण कोनावर एक खड्डा नाही.

“कामून खोलला? चालू होता ना?” आप्पा म्हणाले.

त्यांचा हब एवढा का टिकला याचा विचार केला. सगळा पोलादी, भरीव. वेग कमी. आणि तेल वरचेवर जातं तेव्हा आतली घाण बाहेर ढकलून जातं. आजचे कोन-कपचे ॲल्युमिनियमचे स्वस्त हब तसे नाहीत. त्यांत कप दाबून बसवलेला असतो आणि तो सुटा मिळत नाही. कोन बदलाल, छर्रे बदलाल. कपला खड्डे पडले की हब संपला. आप्पांच्या हबवरून आजच्या हबचा अंदाज बांधता येत नाही. आपल्या काळ्या मातीचा चिखल वाळला की सिमेंट होतो आणि घासला की पॉलिश पावडर. तो कोन आणि कप यांच्यामधल्या फटीतून सहज आत जातो.

८ मार्च

जुन्या मोंढ्याजवळच्या बेअरिंगच्या दुकानात चाचांच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला गेलो. तिथं मोटारपंपवाले, पिठाच्या गिरणीवाले, ट्रॅक्टरवाले उभे असतात. ६००१ मागितली. काउंटरवरच्या मुलानं न उठता हात मागं केला आणि डबी ठेवली. जोडी चारशेच्या आत. जालना, बीड, नांदेड, लातूर, जिथं पंप चालतो तिथं ही मिळते.

६००१ म्हणजे आतलं भोक १२ मिमी, बाहेरचा व्यास २८, जाडी ८. हा आकडा जगभर एकच. पुढची अक्षरं मात्र बघून घ्यायची. मुलानं आधी झेडझेड दिली. तिच्या दोन्ही अंगांना पत्र्याच्या चकत्या असतात, धूळ बरीच अडते पण पाणी नाही. सायकलीला २आरएस हवी, दोन्ही अंगांना रबरी सील असलेली. सील थोडं जास्त घासतं म्हणून हातात फिरवताना जड लागते आणि पुष्कळ लोक हलकी फिरते ती चांगली समजून झेडझेड घेतात.

इथं मन ठरलं. नामांकित हब मी मनातून काढून टाकले असं नाही. शिमानोचा ड्युरा-एस ७६०० हातात घेऊन पाहिलेला आहे. जपानमधल्या केइरिन सायकल शर्यतींत तो पळतो आणि त्याची कोन-कपची घडण बघत राहावी अशी आहे. पण तो शर्यतीच्या ट्रॅकसाठी जन्मलेला, रोजच्या चिखलासाठी नाही. नगर रोडवरच्या जुलैत त्याला घालणं हा त्याच्यावर अन्याय. कॅलिफोर्नियाच्या फिल वूडचे बंद बेअरिंगचे हब याच कामासाठी नावाजलेले आहेत, पण आयात आणि जकात धरून माझ्या घरखर्चात ते बसत नाहीत.

माझ्या गरजा मग अशा ठरल्या : तैवानी बनावटीचा, ॲल्युमिनियमच्या अंगाचा, बाजारातल्या मापाच्या बंद बेअरिंगचा, मागची रुंदी १२० मिमी, ३६ छिद्रं, दहा मिमीचा भरीव ॲक्सल आणि दोन्ही टोकांना नट. खटका दाबून निघणारा पोकळ ॲक्सल नको. फिक्स्डला चेनचा ताण ॲक्सलच्या पकडीवरच उभा असतो, आणि १५ नंबरचा पाना बरोबर ठेवायला मला जड नाही.

१९ मार्च

हब आला. बेअरिंगवर ६००१-२आरएस स्पष्ट कोरलेलं. ॲक्सल बेअरिंगमध्ये १२ चा आणि टोकाला १० चा, म्हणजे मधला भाग जाड, हे आवडलं.

लॉकरिंग मात्र त्यात नव्हती, वेगळी मागवली होती. हातानं फिरवली, गेली. फार सहज गेली. डाव्या आट्यावर रिंग अशी डुलत जायला नको. कॅलिपर लावला : हबची पायरी ३२.७ मिमी. रिंगचा आतला भाग मोठा. विक्रेत्यानं इटालियन मापाची रिंग दिली होती, १.३२ इंचाची. माझा हब १.२९ इंचाचा. दोन्ही डाव्या, दोन्हींना इंचाला २४ आटे, म्हणून आट्यांमधलं अंतर मोजायचा पिच गेज दोन्हींवर बरोबर बसतो आणि डोळ्याला काही कळत नाही. फरक व्यासात, पाऊण मिलिमीटरचा. अशी रिंग आट्यांच्या नुसत्या शेंड्यांना धरते. हातानं आवळली तर बसल्यासारखी वाटेल. पहिल्या उतारावर शेंडे सोलून निघतील, आणि ॲल्युमिनियमची पायरी एकदा सोलली की हब भंगारात.

रिंग परत केली, १.२९ ची मागवली. ज्यांच्याकडं कॅलिपर नसेल त्यांनी एवढं करावं : रिंग चक्राशिवाय नुसती हबवर पूर्ण फिरवून घ्यावी आणि आडवी हलवून बघावी. डुलली तर ती त्या हबची नाही.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारून झाल्यावर चाक विणायला बसलो. मुलगी तारा मोजून हातात देत होती.

१२० मिमीच्या ट्रॅक हबचं एक सुख इथं कळतं. गिअरच्या चाकात उजव्या बाजूला चक्रांना जागा द्यावी लागते म्हणून रिम हबच्या मध्याशी बसवताना उजव्या तारा ताठ आणि डाव्या सैल राहतात. इथं हबच्या दोन्ही कानांचं (तारा अडकवायच्या कडांचं) मध्यापासून अंतर सारखं. दोन्हीकडं एकाच मापाच्या तारा, दोन्हीकडं सारखा ताण. तार बोटानं छेडली की उजवी-डावी एकाच सुरात वाजते. मुलीनं ते आधी ओळखलं. एक तार बेसूर आहे असं तिनं दाखवलं आणि ती खरंच पाव फेरा सैल निघाली.

विणकाम दोन्ही बाजूंना तीन फुल्यांचं, म्हणजे प्रत्येक तार तीन तारांना ओलांडून जाते. पुढच्या आणि उलट्या, दोन्ही ओढींना उत्तर द्यायचं आहे, त्यामुळं उभ्या तारा एकीकडं आणि तिरप्या दुसरीकडं असला प्रकार या चाकात करायचा नाही.

६ एप्रिल

चक्र बसवलं. आधी १६ दाती होतं, आता १७. ४४ ला १६ म्हणजे ११ ला ४. एकच पाय पुढं ठेवून चाक घसरवलं तर टायर फिरून फिरून चारच जागी घासतं. १७ ला कशानंच भाग जात नाही, तीच झीज सतरा जागी वाटली जाते. टायरचा खर्च वाचतो आणि पूलही हलका चढतो.

पोलादी चक्र ॲल्युमिनियमवर चढतं, म्हणून आट्यांना ग्रीस. कोरडं चढवलं तर दोन्ही धातू एकमेकांना धरतात आणि काढताना आटे सोबत घेऊन येतात. पहिले दोन फेरे नुसत्या बोटांनी. अडलं तर उलट फिरवून पुन्हा. मग चेनचा पाना. जुन्या चेनचे दोन तुकडे पट्टीला रिपीट मारून घरीच केलाय. मग गल्लीतून सायकल नेऊन उभं राहून जोरात दहा-बारा वेळा पायडल मारलं, म्हणजे चक्र आणखी बसतं. त्यानंतर हुक पान्यानं लॉकरिंग, डावीकडं, पूर्ण जोरानं. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा. चक्र बसल्यावर रिंगला पाव फेरा मिळाला, तो घेतला नसता तर तेवढी फट राहिली असती.

चेन मुद्दाम सैल, मधोमध बोटानं दाबली तर एक सेंटिमीटर खाली जाईल एवढी. नवखा माणूस फिक्स्डची चेन तारेसारखी ताणतो. तो ताण रात्रंदिवस बेअरिंगवर बसलेला असतो.

२७ मे

मे महिना सरायच्या आतच पावसाळा आला. एरवी या दिवसांत डांबर वितळतं. नगर नाक्यापासून पुढं रस्त्याच्या कडेला चिखल. सायकल पाण्यानं धुतली, पण हबवर धार मारली नाही. सर्व्हिस सेंटरवर दाबाच्या पाण्यानं मोटारसायकल धुतात तशी सायकल कधीच धुवू नये. ते पाणी रबरी सीलची कड उचलून आत जातं आणि बाहेर यायला त्याला वाट नसते. बादली, फडकं, बस.

१९ जुलै

काही नाही. लॉकरिंगवर आणि हबवर मिळून एक रेघ ओरखडून ठेवली आहे. रोज निघताना एक नजर. रेघ जुळलेली आहे.

२२ ऑगस्ट, पोळा

डाव्या बाजूला चाक हलवलं की बारीक टक् लागायला लागलं. खोलून पाहिलं तर चूक पुन्हा माझीच. जूनमध्ये बेअरिंग कशी बसली आहे बघायला मी ती एकदा काढली होती आणि परत बसवताना आतल्या कड्यावर पाइपचा तुकडा ठेवून ठोकली होती. बेअरिंग हबच्या खोबणीत जाते ती बाहेरच्या कड्यानं. जोर तिथंच द्यायचा. आतल्या कड्यावर ठोकलं की तो दणका छर्ऱ्यांतून जातो आणि खाचेत त्यांचे ठसे उमटतात. फिरवली की प्रत्येक ठशावर अडखळते. दुसऱ्याच्या मशिनवर मी असं कधी करत नाही. घरी घाई केली.

मोंढ्यातून नवी ६००१ आणली. येताना रस्त्यात बैलांची मिरवणूक होती, तिथं अर्धा तास थांबलो. या वेळी लांब बोल्ट, दोन जाड वॉशर आणि बेअरिंगच्या बाहेरच्या कड्याएवढी एक नळी घेऊन पान्यानं हळूहळू ओढून बसवली. पंचवीस मिनिटं लागली. चाचांच्या प्रश्नाचं उत्तर असं मिळालं : गेली तर सकाळी जायचं, संध्याकाळी सायकल चालू.

२९ सप्टेंबर

या महिन्यात मराठवाड्यानं जे पाहिलं त्यापुढं हबची नोंद करायला हात उचलत नाही. जायकवाडीतून सोडलेल्या पाण्यामुळं पैठणमधून माणसं हलवावी लागली. आप्पांचं घर उंचावर आहे, ते सुखरूप आहेत. कापूस गेला.

कंपनी चालू होती. दोन दिवस सायकल ॲक्सलपर्यंत पाण्यातून गेली. पाण्यात असताना पायडल बंद करता येत नाहीत, त्यामुळं चाक सतत फिरत होतं आणि पाण्याचा चिखल सीलवर घासत होता. आज दोन्ही बाजूंची सीलं सुईच्या टोकानं उचलली. उजवीकडचं ग्रीस पिवळं, स्वच्छ. डावीकडं कडेला थोडं दुधाळ, म्हणजे पाण्याचा अंश. रॉकेलनं धुतली, वाळवली, एक तृतीयांश भरेल एवढं लिथियम ग्रीस बोटानं दाबलं, सील परत बसवलं. फिरवली, आवाज नाही. चक्राचे आटे कोरडे, रेघ जुळलेली.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

सकाळी हत्यारांची पूजा. पाने, कॅलिपर, घरी केलेला चेनचा पाना, सगळं पाटावर मांडलं. हळदी-कुंकू हबलाही लावलं.

दुपारी चाचांकडं गेलो. त्यांनी चाक उचलून कानाशी धरलं, फिरवलं आणि थांबेपर्यंत ऐकलं. मग विचारलं, “नंबर क्या बोला था तू?” मी सांगितलं. छर्ऱ्यांच्या ड्रॉवरच्या आतल्या बाजूला, जिथं त्यांनी कोन आणि चेकनटांची मापं लिहून ठेवली आहेत, त्यांच्याखाली त्यांनी खडूनं लिहिलं : ६००१, रबरवाली.